नागिओसच्या फाइल्स कोणाकडून लिहून घ्यायच्या: पपेट की अ‍ॅन्सिबल?

नागिओस हे सर्व्हरवर नजर ठेवणारं (मॉनिटरिंगचं) सॉफ्टवेअर; कोणत्या सर्व्हरवर काय तपासायचं, ते त्याच्या कॉन्फिग फाइल्समध्ये लिहावं लागतं. पाच-दहा सर्व्हर असताना या फाइल्स हाताने लिहून भागतं. पन्नासच्या पुढे गेलं की एखादा सर्व्हर मॉनिटरिंगमधून राहून जातो, आणि त्याची डिस्क भरून सगळं ठप्प झाल्यावरच ते कळतं. म्हणून हे काम पपेट किंवा अ‍ॅन्सिबलसारख्या, सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या टूलकडे द्यायचं. कुठल्या टूलकडे, हे ठरवताना मी आधी एवढंच विचारेन: सर्व्हरची खरी यादी तुमच्याकडे कुठे असते?

पपेटमध्ये ती यादी सर्व्हरच भरतात. प्रत्येक सर्व्हरवर बसवलेला पपेटचा प्रोग्रॅम, म्हणजे एजंट, मुळात दर 30 मिनिटांनी चालतो. त्या वेळी 'या मशिनवर या तपासण्या लावा' ही नोंद पपेटडीबीत, म्हणजे पपेटच्या सामायिक नोंदवहीत, जाते. इतर मशिनला वापरता येणाऱ्या अशा नोंदीला एक्स्पोर्टेड रिसोर्स म्हणतात. नागिओसच्या मशिनवरचा एजंट पुढच्या फेरीत त्या नोंदी गोळा करून फाइल लिहितो. एजंट बसला की नवा सर्व्हर राहून जायचा प्रश्नच नाही. मात्र पपेट सर्व्हर, पपेटडीबी आणि तिच्यामागचा पोस्टग्रेस डेटाबेस हे सगळं सांभाळावं लागतं. जुना सर्व्हर काढताना त्याची नोंद निष्क्रिय केली नाही, तर बंद मशिनचे अलर्ट येत राहतात. उलट, बरेच दिवस न बोललेल्या सर्व्हरची नोंद आपोआप बाद करण्याची सोय चालू असेल, तर खरोखर मेलेला सर्व्हरही मॉनिटरिंगमधून गायब होऊ शकतो. ती मुदत विचार करूनच ठेवा. 2018 च्या पपेट 6 पासून नागिओसचे रिसोर्स वेगळ्या मॉड्यूलमध्ये गेले आहेत. शिवाय मालक कंपनी पर्फोर्सने मोफत बिल्ड्सबाबतचं (तयार पॅकेजबाबतचं) धोरण बदलल्यावर ओपनव्हॉक्स हा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प, सुरू झाला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तोही पाहावा.

अ‍ॅन्सिबलमध्ये यादी म्हणजे तुमची इन्व्हेंटरी, तुम्हीच ठेवलेली सर्व्हरची फाइल. एजंट नाही, एसएसएच (दूरच्या मशिनवर लॉगिन करण्याची नेहमीची सोय) पुरतं. सगळे होस्ट (म्हणजे सर्व्हर) एकाच टेम्प्लेटमधून, म्हणजे साच्यातून, एकाच फाइलमध्ये लिहा, म्हणजे इन्व्हेंटरीतून काढलेला सर्व्हर पुढच्या वेळी आपोआप जातो. होस्टगणिक वेगळी फाइल केली, तर जुनी फाइल तिथेच पडून राहते. आणि कुणी इन्व्हेंटरीत न घालता मशिन उभं केलं, तर अ‍ॅन्सिबलला ते दिसणार नाही.

तपासणी दोन्हीकडे हवीच. अ‍ॅन्सिबलच्या टेम्प्लेटमध्ये फाइल ठेवण्याआधी तपासणारा व्हॅलिडेट पर्याय असतो, पण त्यात नुसती होस्टची फाइल देऊन चालत नाही, कारण नागिओसला मुख्य कॉन्फिगपासून सगळं वाचावं लागतं. म्हणून फाइल लिहिल्यावर पूर्ण तपासणी करा आणि ती पास झाली तरच रीलोड, म्हणजे नागिओसला नवी फाइल वाचायला लावा. नापास झाली तर चालू नागिओस जुन्यावर तग धरतो, पण चुकीची फाइल डिस्कवर असतेच. मशिन रीबूट झालं की नागिओस उठत नाही. आधीची प्रत परत ठेवण्याची पायरी प्लेबुकमध्येच (अ‍ॅन्सिबलच्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये) घाला.

माझं मत: पपेट आधीच चालू असेल, तर एक्स्पोर्टेड रिसोर्सच वापरा. फक्त मॉनिटरिंगसाठी पपेट उभं करू नका. इन्व्हेंटरी गिटमध्ये शिस्तीने ठेवणाऱ्या टीमला अ‍ॅन्सिबल पुरतं. प्रोमिथियस या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरकडे जायचा विचार असेल, तर टार्गेटची (तपासायच्या सर्व्हरची) फाइल बदलली की तो स्वतःच वाचतो, रीलोड लागत नाही. मात्र अलर्ट नियमांतले दुहेरी महिरपी कंस अ‍ॅन्सिबल स्वतःचे समजून अडतं. तेवढा भाग रॉ ब्लॉकमध्ये टाका, म्हणजे अ‍ॅन्सिबल तो जसाच्या तसा ठेवतं.