ओआरएसची पुडी की घरचं मीठ-साखर पाणी?

सोलापूरच्या उन्हाळ्यात घरात कुणाला जुलाब लागले की शेजारच्या काकू विचारतात, पुडी आणू की घरीच करू? काम दोन्हींचं एकच: जुलाबात गेलेलं पाणी शरीरात परत आणणं. आतड्याच्या पेशीतला पंप एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून 3 सोडियम बाहेर ढकलतो, 2 पोटॅशियम आत घेतो. आत सोडियम कमी राहिल्यानं ग्लुकोजच्या एका रेणूसोबत 2 सोडियम शिरतात, मागोमाग पाणी. नुसतं पाणी म्हणूनच पुरत नाही.

खर्चात घरचं सरस: लिटरभर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण त्यात पोटॅशियम नाही, आणि मीठ जास्त पडलं तर लहान मुलांना धोका. पुडीत सगळं मोजून असतं; फक्त रंग-स्वाद सोडून डब्ल्यूएचओचं सूत्र बघून घ्या.

बाळ, म्हातारं माणूस, थांबत नसलेले जुलाब: पुडी आणि डॉक्टर. मोठ्यांना हलका त्रास, दुकान बंद: घरचं चालेल.