२४ फुटी आरव्ही घेऊन पाच महिने वाळवंटात: काय जमलं, काय नाही

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो आणि मार्च संपताना घरी परतलो, मधले पाच महिने ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाचं वाळवंट. सेकंडहँड क्लास सी आरव्ही, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं-फिरतं घर, मॉडेलच्या नावात २४, माणसं दोनच, नवरा आणि मी. आम्हाला आरव्ही पार्कात खुर्च्या टाकून बसायचं नव्हतं, रोज थोडं चालायचं होतं आणि जुन्या जागा बघायच्या होत्या, त्यामुळे हा अनुभव त्याच नजरेनं वाचा. ज्यांना आत मोठा सोफा आणि वॉशिंग मशीन हवंय त्यांना माझं सगळं उलटं वाटेल.

पहिलं म्हणजे लांबी. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतला आर्टिस्ट्स ड्राइव्ह, जिथं डोंगर हिरवे-गुलाबी दिसतात, तिथं २५ फुटांवरच्या गाडीला बंदी. ॲरिझोनातल्या ऑर्गन पाइप कॅक्टस पार्कातला २१ मैलांचा अहो माउंटन ड्राइव्ह, तिथंही लांबीची मर्यादा आहे. आता डीलर सांगतो २४ फूट, पण नावातला आकडा आणि बंपर ते बंपर लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टेप घेऊन स्वतः मोजा. आमची भरली २४ फूट ८ इंच, आणि मागं सायकलचा रॅक लावला की सरळ २७ च्या पुढं. दोन आठवड्यांत रॅक काढला, सायकली मिळेल त्या भावाला विकल्या, आजवर एकदाही आठवण आली नाही.

अर्थात गाडी जाते म्हणजे न्यावीच असं नाही हे अहो माउंटनवर कळलं. कच्चा रस्ता, पत्र्यासारख्या वळ्या पडलेला, पंधरा मैलांच्या स्पीडनंसुद्धा कपाटं उघडून डबे खाली, बाथरूमच्या दाराचा स्क्रू कुठं गेला तो अजून सापडला नाही. एस्टेस कॅनियनचा ट्रेल मात्र इतका सुंदर की मी तरी भांडले नाही, नवरा परतीला गप्प होता. त्यापेक्षा त्याच पार्कातल्या ट्विन पीक्स कॅम्पग्राउंडवरून निघणारा व्हिक्टोरिया माइनचा ट्रेल करा, जाऊन-येऊन साडेचार मैल, गाडी हलवायचीच नाही. चांदी-सोन्याची जुनी खाण, तोंडावर जाळ्या टाकल्यात, शेजारी दुकानाच्या भिंती उभ्या आहेत. चालणं आणि इतिहास एकाच फेरीत, आणि परत आल्यावर दहा पावलांवर आपला चहा. आरव्हीचा खरा फायदा मला इथं पटला. हॉटेलात राहिलात तर पहाटे उठून तासभर गाडी हाकावी लागते, इथं ट्रेलच्या तोंडाशी झोपलेलो असतो त्यामुळे उजाडायच्या आत बूट घालून बाहेर.

आमचा दिवस हळूहळू असा बसला की सकाळी चालायचं, दुपारी जुनी इमारत किंवा म्युझियम, संध्याकाळी जमलं तर अजून एखादा मैल. मार्चमध्ये डेथ व्हॅलीत गोल्डन कॅनियनमधून रेड कॅथेड्रलपर्यंत गेलो, जाऊन-येऊन तीनेक मैल. तिथं पाटी आहे की उन्हाळ्यात दहानंतर चालू नका, आणि मार्चमध्येसुद्धा दहा वाजता त्या पिवळ्या भिंतींमधून जी धग येते त्यावरून पाटी का लावली ते समजतं. शेजारच्या फर्नेस क्रीकलाच १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलंय.

मग तिथंच हार्मनी बोरॅक्स (टाकणखार) वर्क्स. १८८३ ते १८८८ एवढीच वर्षं चाललेला कारखाना, पण इथून अठरा खेचरं आणि दोन घोडे जुंपून बोरॅक्सचे गाडे १६५ मैलांवरच्या मोहावी स्टेशनला जायचे, एका बाजूला दहा दिवस. गाड्यांच्या मागं पाण्याची टाकी ओढायचे, ती १,२०० गॅलनची! मी तिथं उभी राहून हिशोब करत बसले, आमची फ्रेश, म्हणजे स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलन, आणि आम्हाला वाटत होतं आपण फार तयारीनं आलोय.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण पाच महिन्यांत आमची भांडणं झाली ती सगळी याच्यावरूनच. ४० गॅलन आम्हाला काटकसरीनं सहा दिवस पुरलं, पण त्याआधी ग्रे टँक, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी भरते, म्हणजे पाणी शिल्लक असून भांडी घासता येत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये बहुतेक कॅम्पग्राउंडवर पाण्याचा नळच नाही. ब्लॅक रॉक आणि कॉटनवुडला आहे, सांडपाणी रिकामं करायचं डंप स्टेशनही तिथंच. आम्ही जंबो रॉक्सला थांबलो होतो, तिथून भरायला गेलो म्हणजे अर्धा दिवस गेला. आता सात गॅलनचे दोन कॅन वेगळे ठेवतो. चालताना तासाला माणशी एक लिटर, आणि निम्मं संपलं की शिखर समोर दिसत असलं तरी मागं फिरायचं, रायन माउंटनवर असंच फिरलो, नवरा अजून बोलून दाखवतो. आणि हो, सिंकपाशी, खिडकीपाशी कुठंही ओल असली की मधमाश्या येतात, थव्यानं. भांडी बाहेर वाळत घालू नका.

थंडीचा अंदाज मात्र साफ चुकला. वाळवंट म्हणून पातळ पांघरुणं नेली, जानेवारीत ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ रात्री पारा शून्याच्या आसपास. फर्नेस, म्हणजे गाडीतला हीटर, प्रोपेन गॅसवर चालतो हे खरं पण त्याचा पंखा बॅटरी खातो, आणि आमच्या जुन्या लेड ॲसिड बॅटऱ्या पहाटे चारला मान टाकायच्या, मग गॅस डिटेक्टर टॅक टॅक ओरडत बसायचा. शेवटी १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आणि छतावर २०० वॉट सोलर टाकलं, खर्च दुखला पण त्यानंतर जनरेटर फक्त एसीसाठी लावला, तोही तीनदा. फ्रीज प्रोपेनवर छान चालतो, अट एकच, गाडी लेव्हलमध्ये हवी. पहिल्या आठवड्यात तिरकी लावली आणि दूध नासलं.

डीलरनं 'छत एकदम टाइट' सांगितलेलं, पहिल्याच पावसात पलंगावरच्या खिडकीतून धार. फोन केला तर वॉरंटीत सील येत नाही. स्वतः सीलंट भरलं, तेव्हापासून ठीक.

क्वार्ट्झसाइटच्या लाँग टर्म व्हिजिटर एरियात, म्हणजे हिवाळ्यात आरव्ही लावून राहता येतं अशा सरकारी जमिनीवर, आम्ही घेतला तेव्हा ४० डॉलरला १४ दिवसांचा परवाना होता. हुकअप (वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी) काही नाही, नुसती जमीन आणि आकाश. गावात हाय जॉलीची समाधी चुकवू नका. म्हणजे हाजी अली, १८५० च्या दशकात अमेरिकन सैन्यानं वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला उंटवाला, १९०२ ला इथंच वारला. नावाचा उच्चार जमेना म्हणून सैनिकांनी हाय जॉली केलं. आपल्या आडनावांचं इथं जे होतं ते आठवून खूप हसलो. दगडी पिरॅमिड, टोकावर तांब्याचा उंट, बघायला दहा मिनिटं लागतात.

युमाचा टेरिटोरियल प्रिझन दोन खेपांत झाला, चूक आमचीच. हिवाळ्यात ॲरिझोनाचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढं, नदी ओलांडली आणि तास गेला, पोचलो तर तुरुंग बंद. आत जायला मिळालं नाही म्हणून हळहळणारे तिथले पहिलेच आम्ही असू. दुसऱ्या दिवशी दोन तास घालवले. १८७६ ते १९०९ इथं कैदी होते, मग १९१० ते १४ हायस्कूल भरलं, आणि त्या शाळेच्या टीमला अजून क्रिमिनल्स म्हणतात. अंधारकोठडीत मी अर्धं मिनिट थांबले, बास झालं. हा स्टेट पार्क आहे, इथं नॅशनल पार्कचा वार्षिक पास चालत नाही, वेगळं तिकीट.

बारीकसारीक: खिशात जाड कंगवा ठेवा, चोया कॅक्टसचे काटे बोटांनी काढायला गेलात तर बोटांत जातात. रात्री बॉनेट उघडं ठेवा, नाहीतर पॅकरॅट (वाळवंटातले उंदीर) उबेला येऊन वायरी कुरतडतात, आमची हेडलाइटची गेली. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी कधीच लावू नका.

मायलेज गॅलनला आठ, वारा समोरून असला की सात. तरी गाडी विकणार नाही. परत आल्यावर टायरवर कोरलेल्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे पहिल्यांदा नीट वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल, आणि सगळे टायर सात वर्षांचे निघाले. वरून नक्षी अगदी नवी दिसत होती. आता पुढच्या नोव्हेंबरच्या आत सहाच्या सहा बदलायचेत, मागं जोडीनं असतात हे बजेट करताना विसरू नका.