रीमॅपच्या नावाखाली माझे ३४,००० गेले, डायनो शीटवरची बारीक अक्षरं आधी वाचा

लिहू की नको यात दोन महिने गेले, कारण घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. ३४,००० रुपये. त्यातले २८,००० स्टेज वन रीमॅपचे, म्हणजे पार्ट न बदलता इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा (ईसीयू) प्रोग्राम बदलून ताकद वाढवायचे, आणि ६,००० डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, आधी आणि नंतर रन (मोजणीच्या फेऱ्या) काढायचे. १४,००० यूपीआयने, २०,००० रोख. बिल नाही, कारण बिल हवं तर जीएसटी वर लागेल म्हणाले आणि मी बरं म्हटलं. ही पहिली चूक, आणि पुढे सगळीकडे हीच आडवी आली.

गाडी पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, २०२१ ची. कंपनीचा आकडा ११० पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप), १७५ न्यूटन मीटर टॉर्क. मी काही नवखा नाही, ऑइल, ब्रेक पॅड स्वतः बदलतो, चार ठिकाणी चौकशी करून गेलो होतो, आणि डायनो असलेलाच ट्यूनर निवडला तो मुद्दाम, म्हणजे आकडा डोळ्यासमोर दिसेल आणि कोणी थापा मारणार नाही.

हायवेवरून तासभर चालवून गेलो आणि गाडी तशीच गरम रोलरवर चढवली. बॉनेट बंद, समोरचा मोठा फॅन बंद, "लाइटचा प्रॉब्लेम आहे सर, नंतर लावू." लागोपाठ तीन रन मारले आणि शीट दिलं तिसऱ्याचं, ८९.६ पीएस. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाडीला वारा नसेल तर प्रत्येक रनला आत जाणारी हवा तापत जाते, ईसीयू इंजिन सांभाळायला ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पॉवर पडते. या इंजिनचं इंटरकूलर (आत जाणारी हवा थंड करणारा भाग) पाण्याचं आहे, पण त्या पाण्याचा रेडिएटर समोरच असतो ना, त्याला वारा कुठून मिळणार? हे मला माहीत होतं. पण मला वाटलं, आधीचाच तर रन आहे, दोन-चार कमी आले तर काय बिघडलं.

मग दोन तास लॅपटॉप जोडून काम चाललं, गाडी बॉनेट उघडं ठेवून फॅनसमोर. हो, आता फॅन चालू होता.

आणि आता ते, जे आठवलं की अजून झोप उडते. डायनोचा टेंपरेचर सेन्सर सकाळपासून भिंतीजवळच्या स्टँडवर लटकत होता. नंतरच्या रनआधी तिथल्या पोराने तो काढला आणि बॉनेटखाली, मागे टर्बोजवळ, पांढऱ्या टायने बांधला. मी दोन फुटांवर उभा होतो. मी विचारलंसुद्धा. "इंजिनला मिळणारी खरी हवा मोजतोय सर." आणि मी मान हलवली! काम किती बारकाईने करतात असं वाटलं मला.

शीट आलं १२७.४. मालकाने हात मिळवला, ३८ पीएस वाढले म्हणाला, मी उरलेली रोख काढून दिली.

तीन आठवड्यांनी दोन्ही शीट शेजारी ठेवली तेव्हा खालची बारीक ओळ वाचली. आधीच्या शीटवर करेक्शन फॅक्टर (हवामानाची भरपाई म्हणून मोजलेल्या आकड्याला ज्याने गुणतात तो) १.००, नंतरच्यावर १.१४. हवेचं तापमान ६१ डिग्री. त्या दिवशी बाहेर ३४ होतं! पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, म्हणून हवेचा दाब कमी, त्यात तापमान ६१ दिलं की सॉफ्टवेअर मुकाट्याने १४ टक्के चढवून देतं. आणि टर्बो गाडीत ईसीयू बूस्टचं (टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाचं) टार्गेट बऱ्याच अंशी स्वतःच गाठतो, तिथे एवढं करेक्शन लावायचंच कशाला? शिवाय आधीचा आकडा चाकांवरचा आणि नंतरचा लॉस, म्हणजे गिअर-चाकांत वाया जाणारी ताकद, मिळवून काढलेला इंजिनचा. १२७.४ ला १.१४ ने भागा. १११.८ येतात. म्हणजे स्टॉक गाडी, कंपनीतून आली तशीच.

खात्री करायला दुसऱ्या डायनोवर ५,५०० घातले. फॅन समोर, चौथ्या गिअरमध्ये तीन रन, बूस्ट आणि इनटेक (आत जाणाऱ्या हवेच्या) तापमानाचा लॉग, म्हणजे नोंद, सोबत. चाकांवर ९३.८, ९४.१, ९३.६. तिन्ही रन असे एकमेकांच्या जवळ आले तरच आकडा खरा माना, आणि आधी-नंतर दोन्ही वेळा तोच गिअर, तेवढीच टायरची हवा, तेच करेक्शन हट्टाने मागा. मग २,००० देऊन ईसीयूची फाइल वाचून घेतली. मूळ फाइलशी तंतोतंत तीच. काहीच टाकलं नव्हतं! एकूण ४१,५०० गेले.

ट्यूनरने फोन उचलणं बंद केलं. पोलीस चौकीत गेलो तर, "गाडी चालू आहे ना? मग चोरीला काय गेलं?" अर्धा तास शीट दाखवून समजावलं, तर म्हणे यूपीआयने दिलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणे समोर बसून दिलेत, हे ऑनलाइन नाही, चौकीत जा. परत चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, बिल मागितलं, नाही म्हटल्यावर अकरा दिवसांत बंद. कहर म्हणजे परिवहनवाल्या एका साहेबांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवलं, इंजिनमध्ये फेरफार केलात तर कारवाई तुमच्यावरच होईल. अहो साहेब, गाडीत काहीही बदललेलं नाही, हीच तर माझी तक्रार आहे! चार ठिकाणी चपला झिजवल्या, तीन रजा गेल्या, आणि एकानेही ते दोन कागद हातात घेऊन शेजारी शेजारी धरून बघितले नाहीत. समोरचा मात्र रोज गाड्या रोलरवर चढवतोय.

रोख देऊ नका, बिल सोडू नका. काम झाल्यावर नवी फाइल आणि मूळ फाइल दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या, देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हेही मला कोणी सांगितलं नाही, स्वतः शोधलं. यूपीआयची पावती, दोन्ही शीट, दुसऱ्या डायनोचा लॉग जोडलाय. कुणाकडे असं आधी-नंतरचं शीट असेल तर खालची करेक्शनची ओळ आणि तापमान बघा, आणि दोन्ही वेगळे असतील तर मला कळवा. एकट्याच्या अर्जापेक्षा चौघांचे कागद जड पडतील.