मधमाशीच्या एका डिझाइनपायी माझे 2,799 रुपये गेले

आठवडाभर लिहायचं टाळलं, कारण लाज वाटत होती. आज लिहितेय, कारण तीच मधमाशी अजून विकली जातेय.

बाळांच्या 12 ब्लँकेटांची ऑर्डर होती, प्रत्येकाच्या कोपऱ्यात मधमाशी हवी होती. गोल पोट, गुलाबी गाल, पंखांवर नाजूक जाळी, अगदी तशीच एक मला ऑनलाइन दिसली. 349 रुपये, तीन मापं, भरतकामाच्या सगळ्या मशीनना चालतील अशा फाइल. लगेच घेतली. मी नवखी नाही, सहा वर्षं भरतकामाचं मशीन चालवतेय. पण ऑर्डर पोचवायला पाच दिवस उरले होते आणि स्वतः डिजिटायझिंग, म्हणजे चित्रावरून टाक्यांची फाइल बनवणं, करत बसले असते तर दोन रात्री त्यातच गेल्या असत्या. घाईत माणूस विश्वास ठेवतो. फसवणाऱ्यांना नेमकं हेच माहीत असतं.

डोळे मिटले की मला तो मापांचा तक्ता दिसतो. 100 मिलिमीटर, 18,640 टाके. 150 मिलिमीटर, 18,640 टाके. 200 मिलिमीटर, 18,640 टाके. तिन्ही ओळी एकाखाली एक, माझ्या नाकासमोर. माप निम्मं झालं की टाके घटायलाच हवेत! आकडा तोच राहिला म्हणजे कुणीतरी मोठं डिझाइन नुसतं आक्रसलंय, टाके नव्याने बसवलेलेच नाहीत. हे मी दुसऱ्यांना समजावून सांगितलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि तो तक्ता मी वाचला. वाचून पुढे गेले, पंखांना कुठला धागा शोभेल ते बघायला.

फोटोही खोटा होता. काळ्या पट्ट्यांवरचे धागे केसांसारखे वळत होते, सुई कुठे टोचली ते एकाही ठिकाणी दिसत नव्हतं, आणि एवढ्या दाट कामाभोवती कापडाला एक चुणी नाही. ती मधमाशी कुठल्याच मशीनवर कधी भरली गेली नव्हती, संगणकाने बनवलेलं चित्र होतं ते. विकणाऱ्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा. खरोखर भरलेलं असेल तर पाठीवर बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा, धागा दिसतो. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा.

फाइल माझ्या मशीनवर उघडेना. विचारलं तर उत्तर आलं, तुमच्या मॉडेलसाठी वेगळं रूपांतर लागेल, 600 रुपये, आणि ते ऑनलाइन दुकानाबाहेर थेट खात्यावर पाठवा म्हणजे लवकर होईल. पाठवले. नंतर कळलं, पहिली फाइल मुळात डीएसटी होती, फक्त नावाचं शेपूट बदलून पीईएस केलेलं; हे दोन्ही भरतकामाच्या फाइलचे वेगवेगळे प्रकार. नाव बदलून फाइल बदलत नसते. पुढे परवान्याचं काढलं. वस्तू विकणार असाल तर व्यावसायिक परवाना घ्यावाच लागेल, 1,850 रुपये, नाहीतर तक्रार करू. माझी ऑर्डर अडकली होती, मी घाबरले, तेही दिले. बेरीज 2,799. कुणी दुकानाबाहेर पैसे मागितले की तो माणूस चोर समजायचा, पुढचं बोलणंच नको.

शेवटी फाइल चालली. पंख झाले, गाल झाले. पोटाचा दुसरा पट्टा सुरू झाला आणि मशीनचा आवाज बदलला, सुई एकाच जागी ठोकत राहिल्यासारखा. मी बटणापर्यंत पोहोचेस्तोवर सुई तुटली. हूप, म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट, काढून पाहिलं तर धाग्याचा लाकडासारखा कडक गोळा आणि त्याच्या कडेने फाटलेलं कापड, बोट आरपार जाईल एवढं. टाक्यांच्या ओळींमध्ये साधारण 0.4 मिलिमीटर अंतर लागतं, इथे त्याच्या निम्मंही नव्हतं. स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाखालचा आधाराचा थर, जाड घातला, वेग कमी केला, सुई बदलली, तरी आणखी दोन ब्लँकेटं गेली. आधी चिंधीवर का नाही भरलं, असं विचाराल. नेहमी भरते. त्या दिवशी वेळ नव्हता. तुम्ही मात्र चिंधीवरच भरा, कितीही घाई असो.

आता दाद मागायला गेले त्याचं ऐका. दुकानाच्या मदत विभागाने 349 रुपयांबद्दल कळवलं की डिजिटल वस्तू उतरवून घेतल्यावर परत होत नाही. बाकीच्या रकमेबद्दल म्हणे व्यवहार आमच्याकडे झालेलाच नाही. तीन वेळा लिहिलं, तीनही वेळा तेच उत्तर, खाली नाव तेवढं वेगळं. बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी तुम्ही टाकलात, मग फसवणूक कशी? अहो, फसवणूक अशीच होते ना? फसलेला माणूस स्वतःच्याच हाताने पैसे देतो! पोलिसांकडे गेले तर समोरच्याने कागद वाचून विचारलं, "मधमाशीचं चित्र? एवढ्यासाठी आलात?" एवढ्यासाठी. माझ्या तीन रात्री, तीन ब्लँकेटं, आणि त्या ग्राहकाचा विश्वास यात काहीच आलं नाही का? तक्रार क्रमांक मिळाला. अकराव्या दिवशी ती "निकाली" दिसू लागली. निकाल काय लागला, ते कुणी सांगितलं नाही.

विकत घेण्याआधी तक्त्याचा, फोटोचा, सगळ्या बोलण्याचा स्क्रीनशॉट घ्या. माझ्याकडे निम्मं बोलणं नाही, विकणाऱ्याने पुसून टाकलं. फाइल आली की आधी संगणकावर उघडून टाके कुठे दाटलेत ते पाहा, मगच हुपाला हात लावा.

बाकीची नऊ ब्लँकेटं मी स्वतः डिजिटायझिंग करून भरली. साधी मधमाशी, 6,200 टाके, पंखांना जाळी नाही. गेलेल्या तिघांसाठी नवं कापड आणलं आणि ऑर्डर चार दिवस उशिरा दिली.

काल तेच चित्र वेगळ्या नावाच्या दुकानात दिसलं. गाल तेवढे केशरी केलेत. तक्त्यात तीन मापं आहेत आणि तिन्हींपुढे 18,640.