लाइट आल्यावर काट्याचा प्रोग्राम उठवायचा कोणी?

दिवाळी उलटली की सेलू-मानवत पट्ट्यातल्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागतात. भरलेली गाडी काट्यावर चढते, इंडिकेटरवरचा आकडा थोडा हलून थांबतो, केबलमधून कंप्युटरात जातो आणि पट्टी निघते. केबलमधून आकडा उचलून डेटाबेसात टाकायचं काम एक छोटा प्रोग्राम करतो. त्याला ना खिडकी, ना आयकॉन. तो चालू आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. बंद पडला की मात्र हॉर्न रस्त्यापर्यंत ऐकू येतात.

एका हंगामात सकाळी साडेसातला काट्यावरच्या मुनीमजींचा फोन आला. "दादा, लाइट येऊन अर्धा तास झाला, कंप्युटर चालू हाय, पण आकडाच येईना गेलाय." घरूनच मशीनमध्ये शिरून बघितलं. रात्रीतून लाइट तीनदा गेली-आली होती. मशीन स्वतःहून उठलं होतं, प्रोग्रामही उठला होता आणि उठल्या-उठल्या पडला होता. तो तसा लावणारा दुसरा-तिसरा कोणी नव्हता, मीच होतो. क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतली, एक ओळ, दोन मिनिटांचं काम.

तेव्हापासून असा प्रोग्राम कुठंही लावायचा असला, मग तो डाळमिल असो, दूध संकलन केंद्र असो की शाळेतली लॅब, तर "हा सुरू कसा होईल" हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "हा पडला आणि जवळ कोणी नसलं, तर उचलणार कोण?" खालची तुलना याच प्रश्नावर बेतलेली आहे.

लिनक्सवर: क्रॉनची ओळ की सिस्टमडीची यूनिट फाइल

क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या यादीत) "अॅट-रिबूट" लिहून पुढं कमांड टाकली की मशीन चालू झाल्यावर ती एकदा चालते. यापेक्षा सोपं काही नाही, आणि मोह पडतो तो त्यामुळंच. पण "एकदा" हा शब्द नीट ऐका. क्रॉन कमांड सुरू करून देतो आणि हात झटकतो. प्रोग्राम पाचव्या सेकंदाला मेला तरी त्याला सोयरसुतक नसतं. डेटाबेस उठला का, यूएसबीची केबल ओळखली गेली का, हेही तो बघत नाही. माझ्याकडं नेमकं तेच झालं होतं. प्रोग्राम धावला तेव्हा डेटाबेस अजून डोळे चोळत होता. जोडणी झाली नाही, प्रोग्राम बंद. चूक छापली गेली असेलही, पण क्रॉन आउटपुट मेलनं पाठवतो आणि त्या मशीनवर मेलची सोयच नव्हती, म्हणजे पुरावाही गेला.

आणखी एक खोड सांगून ठेवतो. क्रॉनला तुमच्या टर्मिनलसारखा भरगच्च पाथ, म्हणजे कमांड कुठं शोधायची त्या फोल्डरांची यादी, मिळत नाही. हातानं चालवलं की पळणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये "कमांड सापडली नाही" म्हणते. सगळे रस्ते पूर्ण लिहा.

यावर एक गावठी इलाज बरेच जण करतात: दर मिनिटाला एक स्क्रिप्ट धावते, प्रोग्राम दिसला नाही तर परत सुरू करते. मीही केला. मग एके दिवशी तपासणी चुकली, एकाच वेळी दोन प्रोग्राम चालू झाले आणि दोघांनी एकच सीरियल पोर्ट धरला. पोर्टवर आलेली अक्षरं दोघांत वाटली जायला लागली, अर्धा आकडा याच्याकडं, अर्धा त्याच्याकडं. इंडिकेटरवर १२४६०, स्क्रीनवर १४६. मुनीमजींनी ती पट्टी फाडून खिशात ठेवली, मला दाखवायला. एका वेळी एकच प्रत चालू देणारं "एफलॉक" वापरून हे टाळता येतं, पण इतकी ठिगळं लावायची तर सरळ दुसरी वाट का धरू नये?

ती वाट म्हणजे सिस्टमडी, मशीन उठल्यावर बाकीचे प्रोग्राम सुरू करणारा आणि सांभाळणारा लिनक्सचा मुख्य प्रोग्राम. २०१० मध्ये हा प्रकल्प सुरू झाला, २०११ मध्ये फेडोरा या लिनक्सच्या प्रकारानं तो घेतला आणि २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ सोबत तो बहुतेकांच्या मशीनवर येऊन बसला. त्यावरून तेव्हा केवढे वाद झाले! डेबियनमधून देवुआन नावाची वेगळी चूलही मांडली गेली. ज्याला काट्यावर आकडा आणायचाय त्याला त्या भांडणाशी देणंघेणं नाही. मशीनवर उबंटू किंवा डेबियन असेल तर सिस्टमडी आधीच तिथं आहे.

दहा-बारा ओळींची यूनिट फाइल लिहावी लागते. कोणता प्रोग्राम, कोणत्या यूजरच्या नावानं, कोणाच्या नंतर आणि पडला तर काय करायचं, हे सगळं तिच्यात येतं. "रिस्टार्ट" समोर "ऑलवेज" लिहिलं की प्रोग्राम मेल्यावर सिस्टमडी त्याला परत उठवतो. इथं एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. परत उठवण्याआधीची डिफॉल्ट वाट फक्त १०० मिलिसेकंदांची असते आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही प्रोग्राम टिकला नाही तर सिस्टमडी त्याचा नाद सोडतो. म्हणजे डेटाबेसला उठायला २० सेकंद लागत असतील तर तुमचा प्रोग्राम पहिल्या एक-दोन सेकंदांतच पाचही संधी उधळून बसतो आणि "ऑलवेज" लिहूनही कायमचा पडून राहतो. "रिस्टार्टसेक" ला १० द्या. दहा-दहा सेकंदांनी प्रयत्न होत राहतात आणि ती मर्यादा कधी लागत नाही.

दुसरा गोंधळ "आफ्टर" चा. "आफ्टर" म्हणजे नुसता क्रम. पाहुण्यांच्या पंगतीनंतर घरच्यांची पंगत, एवढं ठरवलं म्हणून पाहुण्यांना आवतण गेलं असं होत नाही. आवतण द्यायचं तर "वॉन्ट्स" किंवा "रिक्वायर्स" लिहावं लागतं. बहुतेक वेळा दोन्ही ओळी लागतात. मी "वॉन्ट्स" घेतो, कारण "रिक्वायर्स" लावलं की डेटाबेस हातानं बंद केल्यावर आपला प्रोग्रामही त्याच्याबरोबर बंद होतो. नेटवर्कचंही तसंच आहे. "नेटवर्क टार्गेट" ला थांबलात म्हणून नेट आलेलं असेल याचा भरवसा नाही; खरोखर जोडणी हवी असेल तर "नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट" लिहा. पण काट्याचं काम त्याच मशीनवरच्या डेटाबेसात होत असेल तर नेटसाठी थांबूच नका. आमच्याकडं नेट दुपारपर्यंत आलं नाही तरी गाड्या थांबत नाहीत.

यूएसबी-सीरियल केबलसाठी तर सिस्टमडीला तोड नाही. "टीटीवाय-यूएसबी-झीरो" हे उपकरणसुद्धा त्याला यूनिट म्हणून दिसतं. "आफ्टर" आणि "बाइंड्स-टू" मध्ये त्याचं नाव घातलं की केबल सापडल्यावरच प्रोग्राम सुरू होतो आणि केबल निघाली की बंद होतो. मात्र दोन केबल असतील तर झीरो-वन अदलाबदल होऊ शकते. म्हणून प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये "सीरियल बाय-आयडी" खालचा कायम राहणारा पत्ता द्यावा.

नवख्यांची सगळ्यात जास्त फजिती होते ती "स्टार्ट" आणि "इनेबल" मध्ये. "स्टार्ट" आत्ता चालवतं, "इनेबल" पुढच्या बूटसाठी, म्हणजे मशीन पुढं कधी उठेल तेव्हासाठी, नाव नोंदवतं. नुसतं "स्टार्ट" करून, आकडा आलेला बघून, चहा पिऊन निघालात तर पुढच्या लाइटला परत फोन येणारच. फाइलमध्ये बदल केला की ती सिस्टमडीला नव्यानं वाचायला लावणारं "डीमन-रीलोड" विसरू नका. आणि काही बिघडलं तर "जर्नलसीटीएल" मध्ये त्या सर्व्हिसचं (यूनिट फाइल लावलेल्या आपल्या प्रोग्रामचं) नाव देऊन कालपासूनचं सगळं वाचता येतं. फक्त लॉग डिस्कवर राहतात की बूटसोबत पुसले जातात हे आधी बघून ठेवा. "व्हार-लॉग-जर्नल" हा फोल्डर असेल तर साधारणपणे राहतात.

उणिवा आहेतच. प्रोग्राम मेला नाही, नुसता अडकून बसला तर "रिस्टार्ट" ला त्याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी "वॉचडॉग" ची सोय आहे, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तिला साथ द्यावी लागते. बाकी, रात्री एकदा चालून संपणारी बॅकअपची स्क्रिप्ट असेल तर क्रॉन अजूनही मला बरा वाटतो.

मशीन उठताना धावणाऱ्या "आरसी-लोकल" या फाइलमध्ये ओळ टाकायचा जुना रिवाज कोणी सुचवला तर ऐकून सोडून द्या. नव्या उबंटूवर ती फाइल आधीपासून नसते, बनवली तरी एक्झिक्यूटेबल केल्याशिवाय धावत नाही आणि पडलेल्याला ती उचलतही नाही. लिनक्सच्याच अल्पाइन या प्रकारावर सिस्टमडीऐवजी ओपनआरसी आणि व्हॉइडवर रनइट भेटेल. रनइट तर मेलेल्या प्रोग्रामला उठवण्यासाठीच बनलाय. पण परभणीत किंवा जालन्यात तुमच्यानंतर ते मशीन कोण सांभाळणार, हेही बघावं लागतं. सिस्टमडी येणारं पोरगं सापडतं.

काट्यावर विंडोज असेल तर

आणि बहुतेक ठिकाणी विंडोजच असतं. तिथं तीन वाटा आहेत.

स्टार्टअप फोल्डरमध्ये शॉर्टकट टाकणं ही पहिली. कोणी लॉगिन केल्याशिवाय काही सुरू होत नाही. पासवर्ड मुनीमजींच्या डायरीत आणि मुनीमजी लग्नाला गेलेले, असं झालं की काटा बंद. पण प्रोग्रामला खिडकी असेल, रोज कोणीतरी समोर बसून वजन बघणार असेल, तर हीच वाट बरोबर आहे, कारण व्हिस्टापासून विंडोजच्या सर्व्हिसला (लॉगिनशिवाय मागं चालणाऱ्या प्रोग्रामला) पडद्यावर खिडकी दाखवताच येत नाही. खिडकीवाला प्रोग्राम सर्व्हिस करून बसवला तर तो चालू असतो, पण दिसत नाही, आणि एखादा "ओके" दाबायचा संदेश आला की कोणाला न दिसता तिथंच थांबून राहतो.

खिडकी नसलेल्या प्रोग्रामसाठी सर्व्हिस ही दुसरी वाट आणि माझी पहिली पसंती. लॉगिन लागत नाही. "ऑटोमॅटिक" ऐवजी "ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट" निवडा. बाकीच्या ऑटोमॅटिक सर्व्हिस उठल्यावर साधारण दोन मिनिटांनी आपला नंबर लागतो, तोवर डेटाबेस तयार असतो. गाड्यांना दोन मिनिटं परवडतात. मग "रिकव्हरी" च्या टॅबवर जा. तिथं काही न करणं हेच डिफॉल्ट असतं. पहिल्या, दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक अपयशाला "रिस्टार्ट द सर्व्हिस" निवडा. या टॅबकडं कोणी फिरकतच नाही. साधी ईएक्सई फाइल मात्र सरळ सर्व्हिस होत नाही. विंडोज ३० सेकंद उत्तराची वाट बघतं आणि १०५३ नंबरची चूक दाखवतं. कुठल्याही प्रोग्रामला सर्व्हिस म्हणून चालवणारं एनएसएसएमसारखं आवरण लागतं. आणि झेड ड्राइव्हसारखी जोडलेली नेटवर्क ड्राइव्ह सर्व्हिसला दिसत नाही, तिथं पूर्ण पत्ता द्या.

तिसरी वाट टास्क शेड्युलर. "अॅट स्टार्टअप" आणि "यूजर लॉगऑन असो वा नसो" या दोन खुणा केल्या की काम होतं, आवरणाची गरज नाही. पण त्याच्या डिफॉल्ट खुणा आपल्या गावासाठी केलेल्या नाहीत. "एसी पॉवर असेल तरच सुरू करा" ही खूण आधीच लावलेली असते. यूपीएस यूएसबीनं जोडलेला असेल तर विंडोजला तो बॅटरी म्हणून दिसू शकतो, म्हणजे लाइट नसताना मशीन उठलं तर टास्क सुरूच होत नाही. दुसरी खूण, तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर बंद करा. चौथ्या दिवशी आकडा का थांबला याचं कोडं मी दोन तास सोडवलंय. दोन्ही खुणा काढा.

शिवाय "फास्ट स्टार्टअप" बंद करा. तो चालू असताना शटडाउन करून उठवलेलं विंडोज खऱ्या अर्थानं नव्यानं सुरू होत नाही, अर्धवट झोपेतून उठतं, आणि तुमची चाचणी फसवी ठरते.

मशीनच उठलं नाही तर

वरचं सगळं बरोबर करून बायोस, म्हणजे विंडोज-लिनक्सच्याही आधी चालणारी मशीनची मूळ सेटिंग, विसरलात तर काही उपयोग नाही. "रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस" अशा काहीशा नावाचं सेटिंग असतं. ते "पॉवर ऑफ" वर असेल तर लाइट आल्यावर बटण दाबायला माणूस लागतो. "पॉवर ऑन" करा. यूपीएस मशीन व्यवस्थित बंद करत असेल तर एक पेच राहतो. मशीन बंद झालं, पण यूपीएस पूर्ण उतरायच्या आत लाइट आली, तर मशीनच्या लेखी वीज गेलीच नाही, मग ते उठणार कशाला? मशीन बंद झाल्यावर यूपीएसनंही थोड्या वेळानं आपली लाइन तोडून परत जोडावी असं सेटिंग त्याच्याकडं असेल तर ते लावा.

चाचणी हंगामाआधी करा, सरकी-कापूस यायच्या आधी. प्लग उपटा, पाच मिनिटांनी लावा, कोणीही कीबोर्डला हात लावायचा नाही. आमच्याकडं मग काट्यावर एक हमाल उभा करतात. आत केबिनमध्ये कोणी लॉगिन न करता डेटाबेसात ७० पडले की मुनीमजी म्हणतात, "उतर आता."