जुन्या प्रोबला सिलिकॉन वायर: टेबलावर उत्तम, यंत्रमागाच्या पॅनलवर नको

मापून कापून मिळणारी १८ गेजची सिलिकॉन वायर जुन्या मल्टिमीटरच्या लीडसाठी, म्हणजे मीटरपासून हातातल्या प्रोबपर्यंत जाणाऱ्या वायरीसाठी, घ्यावी का? जरूर घ्यावी. तिच्यासोबत मिळणारी स्वस्त बनाना पिन (मीटरच्या सॉकेटमध्ये बसणारी पिन) मात्र घेऊ नये. लीडमधला निम्मा त्रास त्या पिनेतूनच येतो.

नाशिकच्या मोटवानेचा काट्याचा मीटर असो, सिम्पसन २६० असो की एव्हो ८, मीटर अजून चोख चालतो आणि लीड मात्र काडीसारखी ताठ झालेली असते. जुन्या पीव्हीसीतलं मऊपणा देणारं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या वर्कशॉपमध्ये हे आणखी लवकर होतं. मग प्रोबच्या मुठीच्या तोंडाशी चिरा पडतात, हवा आत शिरते आणि तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडतात. काळ्या तारेला सोल्डर धरत नाही. त्यामुळे तुटलेला भाग जोडत बसण्यापेक्षा पूर्ण वायर बदलावी. मूठ आणि टोक मात्र जपा. जुनी पितळी टोकं अणकुचीदार असतात आणि त्यांवरचा निकेलचा मुलामा जाड असतो. आजच्या स्वस्त प्रोबमध्ये तसं टोक सापडणं कठीण.

या वायरमध्ये साधारण ०.०८ मिमीच्या १५० तारा असतात, म्हणजे ०.७५ चौरस मिमी तांबं. बाहेरचा व्यास सुमारे २.३ मिमी. कवच २०० अंशांपर्यंत टिकतं आणि मुळात वितळणारं नसतं, त्यामुळे कैयाचा (सोल्डरिंग आयर्नचा) चुकून क्षणभर स्पर्श झाला तरी चालतं. टेबलावर ती लोळत पडते, मीटरला ओढत नाही, आणि हलक्या मीटरसाठी हा मोठा फायदा आहे.

फसवणूक होते ती तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेत. वर कथिल चढवलेलं असल्याने नुसत्या नजरेला कळत नाही. ५ मीटर वायरमधून बेंच सप्लायने (टेबलावरच्या पॉवर सप्लायने) १ अँपिअर सोडा आणि दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा. खऱ्या तांब्यात तो ११५ मिलिव्होल्टच्या आसपास येतो, मे महिन्याच्या दुपारी १२५ पर्यंत. १७०च्या पुढे गेला तर वायर परत करा. दुकानदारासमोर करता येईल अशी ही सर्वात सोपी परीक्षा.

जोडताना मुठीची टोपी आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आधी वायरीत ओवून घ्या, मगच सोल्डर करा. टोकाच्या खोबणीतलं जुनं सोल्डर पूर्ण काढा, आतून पितळ चमकेपर्यंत घासा. ६०/४० सोल्डर, रोझिन फ्लक्स आणि ३५० अंशांचा कैया पुरे. ॲसिड फ्लक्स अजिबात नको, ते बारीक तारा खातं. टोक जड असतं, म्हणून आधी टोक तापवा आणि वायर नंतर लावा. सोल्डर तारांमधून वर चढू देऊ नका. चढलेलं सोल्डर जिथे संपतं, तिथेच लीड पुढे तुटते.

इथे या वायरीचा खरा दोष समोर येतो: सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय जवळपास काहीच चिकटत नाही. फेव्हिक्विक नाही, इपॉक्सी नाही, गोंदवाली हीट श्रिंकही नाही. वायर ओढली की सगळा ताण सोल्डरवर येतो. मुठीत जागा असेल तर आत एक गाठ मारा, नसेल तर वायरीवर बारीक पितळी कडी दाबून बसवा. सीलंट वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरचं सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट तांब्याला गंज चढवतं.

पिन घेताना चुंबक सोबत न्या. चुंबक घट्ट चिकटला तर पिनचं अंग लोखंडी आहे, घेऊ नका. स्क्रूने आवळायच्या पिनेत उघड्या तारा घालू नका, इतक्या बारीक तारा स्क्रूखाली चिरडतात. तारांना सोल्डर पाजून आवळणंही चूक, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल होतो. १ चौरस मिमीची फेरूल (तारांवर दाबायची धातूची बारीक नळी) दाबून मग आवळा. जुन्या मीटरच्या सॉकेटमध्ये कवचवाली सुरक्षित बनाना पिन बहुधा बसत नाही, आधी मापून घ्या.

शेवटी दोन्ही टोकं घट्ट टेकवून डिजिटल मीटरच्या २०० ओहमच्या रेंजवर पाहा. ०.१ ते ०.२ ओहम ठीक. मग मुठीशी आणि पिनेशी वायर वाकवून बघा. आकडा उडतो तिथला जोड कच्चा आहे.

एका गोष्टीत मात्र तडजोड करू नका. बॅकेलाइटच्या (जुन्या कडक प्लास्टिकच्या) मुठीचं भोक साधारण अडीच-तीन मिमीचं असतं, आणि त्यातून जाणारी ही वायर एकेरी कवचाची आहे. दुहेरी कवचाची, घासल्यावर आतला वेगळा रंग दिसणारी लीड वायर सुमारे ४ मिमी जाड असते. तिच्यासाठी भोक मोठं करायला गेलात तर बॅकेलाइट तडकतं. म्हणून अशी दुरुस्त लीड टेबलावरच्या कमी व्होल्टेजच्या कामापुरतीच ठेवा: पॉवर सप्लाय, रेडिओ, ॲम्प्लिफायर, बॅटरी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांच्या ४१५ व्होल्टच्या पॅनलवर ती नेऊ नका. तिथे प्रोबसाठीच्या आयईसी ६१०१०-०३१ या सुरक्षा मानकाप्रमाणे बनलेली, कॅट-३ (इमारतीतल्या वीज पॅनलसाठीचा सुरक्षा वर्ग) शिक्का असलेली नवी तयार लीडच हवी. तडा गेलेली मूठ तर टेबलावरही नको.

आणि आपल्या शहरापुरती एक अडचण: सिलिकॉनवर कापसाचा तूस चटकन बसतो. मागाच्या शेडजवळ टेबल असेल तर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावं लागतं, सॉकेटही ब्रशने साफ ठेवावे लागतात. शिवाय हे कवच धारदार कडेवर सहज चिरतं. चीर दिसली की टेप न लावता तिथून कापा. म्हणूनच लाल आणि काळी प्रत्येकी १ मीटर लागत असली तरी सव्वा-सव्वा मीटर घ्या.