एपीसी एपी८८५३: ३२ अँपिअरच्या उभ्या पीडीयूचा खरा हिशेब

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एका कोलोकेशन डेटा सेंटरमध्ये, म्हणजे जिथे ग्राहक आपले सर्व्हर भाड्याच्या जागेत ठेवतात तिथे, त्यांचे रॅक उभे करून त्यांना वीज जोडून देणं हे माझं काम. सर्व्हर निवडताना महिनोन्‌महिने चर्चा करणारे लोक पीडीयूचा (रॅकमधल्या सगळ्या यंत्रांना वीज वाटून देणाऱ्या सॉकेटच्या पट्टीचा) विषय निघाला की "कुठलीही टाका, मॅडम" म्हणून मोकळे होतात. पण त्या रॅकमधलं प्रत्येक यंत्र ज्या एका वस्तूवर जगतं ती हीच. म्हणून जी मी सर्वांत जास्त बसवली आहे, तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

एपी८८५३ ही श्नायडरच्या एपीसी घराण्यातली मीटर्ड, म्हणजे किती वीज जाते ते मोजून दाखवणारी पीडीयू. सिंगल फेज, २३० व्होल्ट, ३२ अँपिअर, म्हणजे साधारण ७.४ किलोवॅट. ३६ सी१३ (नेहमीच्या सर्व्हर वायरीचे लहान) आणि ६ सी१९ (जास्त वीज घेणाऱ्या यंत्रांचे मोठे) सॉकेट. रॅकच्या मागच्या बाजूला उभी बसते, त्यामुळे सर्व्हरची एकही यू (रॅकमधल्या उंचीचं माप) जागा खात नाही. पाठीवरची बटणं रॅकच्या भोकांत अडकवली की काम झालं, पाना-स्क्रूड्रायव्हर लागत नाही. उंची मात्र सुमारे १८३ सेंटिमीटर, तेव्हा ४२ यूपेक्षा बुटक्या रॅकसाठी हिचा विचार नको. केबल ३ मीटर, टोकाला निळा ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग. वरून बसबार (वीज आणणारी धातूची पट्टी) येत असेल तर एवढी लांबी पुरते. फॉल्स फ्लोअरखालून (उचललेल्या जमिनीखालून) फीड, म्हणजे विजेची लाइन, येणार असेल तर ऑर्डर देण्याआधी टेप लावून मोजा.

आता खरी मेख. ३२ अँपिअर हा आकडा अखंड नाही. आत १६-१६ अँपिअरचे दोन गट आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र ब्रेकर. डिस्प्लेवर ते बँक १ आणि बँक २ म्हणून दिसतात. याच रचनेच्या, दुसऱ्या बनावटीच्या पीडीयू पट्ट्या असलेला एका ग्राहकाचा रॅक माझ्यासमोर बंद पडलेला मी पाहिला आहे. प्रकार कसा होतो ते आकड्यांत सांगते. समजा ५०० वॅटचे १२ सर्व्हर आहेत, प्रत्येकाला दोन पॉवर सप्लाय, एक ए फीडवर, दुसरा बी फीडवर, म्हणजे दोन वेगळ्या लाइनींवर, प्रत्येकीची स्वतंत्र पट्टी. एकूण ६ किलोवॅट, म्हणजे २६ अँपिअर. एक फीड गेला तरी दुसरी पट्टी पेलेल, कागदावर सगळं बरोबर. पण सर्व्हर खालून रचत आणले म्हणून हाताशी आलेल्या खालच्या बँकेतच १० वायरी गेल्या. रोजच्या दिवशी भार दोन्ही फीडवर अर्धा-अर्धा वाटला जातो, म्हणून त्या बँकेवर १०.९ अँपिअर दिसतात, कुणाला काही वावगं वाटत नाही. ज्या दिवशी ए बाजूचा यूपीएस देखभालीसाठी बंद होतो, त्या दिवशी बी पट्टीच्या त्याच बँकेवर २१.७ अँपिअर येतात. १६ चा ब्रेकर पडतो आणि दहा सर्व्हर एकदम जातात. दोन फीडचे पैसे भरूनही.

म्हणून मी एक सर्व्हर बँक १ वर, पुढचा बँक २ वर अशीच जोडणी करते, दोन्ही पट्ट्यांवर. आणि मर्यादा स्वतः बसवते. या पीडीयूत 'नियर ओव्हरलोड' आणि 'ओव्हरलोड' असे दोन टप्पे बँकेनुसार ठरवता येतात, आणि माझ्या दृष्टीने एपी८८५३ घेण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. दुसरा फीड गेल्यावरही १६ च्या ८० टक्के, म्हणजे १२.८ अँपिअरच्या आत राहायचं असेल, तर रोजचा भार ६.४ च्या वर जाता कामा नये. मी पहिला इशारा ६ वर आणि दुसरा ८ वर ठेवते. ग्राहकाने गुपचूप एखादा सर्व्हर वाढवला तरी त्याच दिवशी कळतं.

नेटवर्कचं काम सोपं आहे. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) डीएचसीपीने, म्हणजे आपोआप मिळतो, मग मी तो कायमचा करते आणि पासवर्ड लगेच बदलते. एसएनएमपी (दुरून आकडे वाचायची पद्धत) आधी चालू करावं लागतं, शक्यतो तिची तिसरी आवृत्ती व्ही३. मॉनिटरिंगमध्ये करंट अँपिअरच्या दशांशांत येतो: ८७ म्हणजे ८.७ अँपिअर. हे भागाकाराचं नवीन माणसाला आधीच सांगून ठेवा. तापमानाचा सेन्सर वेगळा विकत मिळतो, तो जरूर घ्या आणि रॅकच्या पुढच्या बाजूला लावा, कारण १८ ते २७ अंशांची अॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी आहे, मागून बाहेर पडणाऱ्या गरम हवेसाठी नाही.

सी१३ सॉकेटची पकड नुसत्या घर्षणावर असते. मागे कुणी केबल ओढताना शेजारची वायर अर्धी निसटते, म्हणून लॉक असलेल्या कॉर्ड घेते. ए साठी लाल, बी साठी निळ्या.

ही पीडीयू एकेका सॉकेटचा वापर सांगत नाही आणि सॉकेट दुरून बंद-चालू करत नाही. दुरून बंद-चालू करण्यासाठी स्विच्ड प्रकारातली एपी८९५३ आहे, पण तिच्यात २१ सी१३ आणि ३ सी१९ एवढेच सॉकेट. जिथे रात्री कुणीच नसतं अशा लांबच्या साइटवर अडकलेला राउटर रीसेट करायला ती हवीच. आमच्याकडे चोवीस तास माणूस असतो. तिथे एका चुकीच्या क्लिकने ग्राहकाचा डेटाबेस बंद पडण्याची सोय मला नको आहे, त्यापेक्षा जास्तीचे सॉकेट हवेत.

एका फीडवर ५.९ किलोवॅटच्या (३२ अँपिअरच्या ८० टक्क्यांच्या) पुढे जाणारा रॅक असेल तर मी एपी८८५३ सुचवत नाही. थ्री फेजची १६ अँपिअरची एपी८८८१ बघा: ११ किलोवॅट, सॉकेट तेवढेच ३६ आणि ६. तिथे बँकांऐवजी तीन फेज समतोल ठेवावे लागतात, जोडणीची शिस्त तीच. जीपीयूचे (एआयसारख्या कामांचे, जास्त वीज खाणारे) सर्व्हर येणार असतील तर आधी सी१९ मोजा, सहा फार लवकर संपतात.